वस्तऱ्यासाठी दगड घेताना मी उलट्या टोकापासून सुरुवात केली

पुण्यात जुन्या बाजारात एका रविवारी गंजका वस्तरा मिळाला, दोनशे रुपयाला. पात्याच्या बुडाशी पुसट 'सोलिंगन' कोरलेलं, जर्मनीतलं ते शहर चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध एवढं ठाऊक होतं म्हणून जास्त घासाघीस न करता घेतला. घरी येऊन साफ केला, फेस लावून आरशासमोर उभा राहिलो आणि पहिल्याच फटक्यात डोळ्यांत पाणी, केस कापले जात नव्हते, उपटले जात होते.

मग धार लावायचा दगड शोधायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे सुतार पटाशीला वापरतात तो ऑइल स्टोन मिळतो, पण तो फार खरबरीत, वस्तऱ्याला लावला असता तर कडेचे तुकडेच पडले असते. दुकानदारानेच सांगितलं की हा घेऊ नको, पॉलिश पेपर घेऊन जा. २००० नंबरचा पेपर काचेवर चिकटवून घासला. मला वाटलं २००० म्हणजे बराच बारीक, नंतर वाचलं तर पेपरवरचा पी २००० म्हणजे साधारण १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण आणि जपानी दगडाचा १००० म्हणजे साडेअकरा, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच की! वर पेपर थोडा दबतो, त्यामुळे कड गोल होते ते वेगळंच. दगडादगडांतही तीच गंमत, नॉर्टन कंपनीचा ८००० म्हणजे ३ मायक्रॉन धरतात आणि जपानी मापात ८००० म्हणजे १.२. नुसता आकडा बघून दगड घेऊ नये हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढची चूक महागातली. ऑनलाइन एक स्वस्त दोन बाजूंचा दगड मागवला, ३०००/८००० लिहिलेला, त्याच्या ८००० च्या बाजूत कुठेतरी मोठे कण होते, पात्यावर उभे ओरखडे. वैतागून एकदम नानिवा या जपानी कंपनीचा १२००० चा दगड घेतला. महिनाभर रोज रात्री टीव्हीसमोर बसून घासतोय, पातं आरशासारखं चकचकीत, तोंड दिसतं त्यात, पण दाढी होत नाही ती नाहीच.

आमच्या गल्लीतले सलूनवाले काका आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तराच वापरतात, पण तरुणपणी त्यांनी खरा वस्तरा चालवलाय. त्यांना दाखवला. त्यांनी अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघितला आणि म्हणाले, "अरे धारेच्या दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्याच नाहीत अजून, तू नुसतं पॉलिश करत बसलायस." आधी कळस मग पाया, दुसरं काय.

मग १००० चा दगड घेतला, सगळ्यात स्वस्त आणि मी सगळ्यात शेवटी घेतलेला. वस्तऱ्यात एक सोय असते, पाठ (पात्याची जाड कड) आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची, कोन आपोआप बसतो, चाकूसारखा हाताने धरावा लागत नाही. पाठ उचलली की संपलं. कडेवर मार्कर फासला, चार फटके मारले आणि बघितलं तर टाचेकडची, म्हणजे मुठीजवळची, शाई जशीच्या तशी! म्हणजे दगड तिथे लागतच नव्हता. एकतर माझं पातं किंचित वाकडं, म्हणून सरळ न घासता टाचेपासून टोकाकडे तिरकं ओढत न्यावं लागलं, आणि दुसरं म्हणजे दगडच सपाट नव्हता. नवाकोरा दगड सपाट असेल असं धरून चालू नका. पेन्सिलने चौकटी आखायच्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून सगळ्या रेघा जाईपर्यंत घासायचं. माझा वाया गेलेला पेपर शेवटी इथे कामाला आला.

दोन संध्याकाळी गेल्या १००० वर. हातावरचे केस टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे उडायला लागले तेव्हाच पुढे सरकलो. त्यानंतर नॉर्टनचा ४०००/८००० जोडदगड आणि मग तो १२०००, हे सगळं मिळून तासाभरात झालं, जिथे आधी महिना घालवला होता. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फटके, पाठ पुढे ठेवून, धार पुढे ठेवली तर पट्टाच कापला जातो (कापलाय).

मधल्या काळात एक दगड धुऊन गॅलरीत उन्हात वाळत घातला होता, त्याला तडा गेला. सावलीत वाळवा.

बेल्जियममधला पिवळसर कोटिक्यूल हा नैसर्गिक दगड पण बघून ठेवलाय, त्यात गार्नेट या कडक खनिजाचे बारीक कण असतात, त्याच्यावर छोटा दगड घासून चिखल करायचा आणि थेंब थेंब पाणी घालत तो पातळ करत न्यायचा, एकाच दगडात बरंच काम होतं म्हणतात. पण प्रत्येक नैसर्गिक दगडाचा स्वभाव वेगळा, माझा हात अजून तेवढा बसलेला नाही, त्यामुळे सध्या नको.

गालांची दाढी आता मस्त होते. हनुवटीखाली मात्र अजून सेफ्टी रेझरच.