आमची वाटचाल: 'हमाली'वरचा जादा काना

1995 साली गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागातल्या एका गाळ्यावर मी संगणकावरची पहिली पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब, काढून दिली. फॉक्सप्रो 2.6 मध्ये लिहिलेला प्रोग्राम, संगणकावर मराठी आणणारं आपल्या पुण्याच्याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड आणि एप्सनचा एलएक्स-300 प्रिंटर. मराठी छापताना प्रिंटर रांगायचा. कार्बन लावलेली एक पट्टी निघेपर्यंत शेतकरी चहा पिऊन यायचा. पण हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), आडत (आडत्याचं कमिशन) वजा जाता हातात काय पडणार, हे त्याला स्वतःला वाचता यायचं. गाळेमालक अण्णा माझं पहिलं गिऱ्हाईक. महिनाभर त्यांनी दिवाणजींची पट्टी आणि माझी पट्टी शेजारी ठेवून ताडून पाहिली, मग पैसे दिले. एक रुपया कापला नाही.

2001 मध्ये माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा सगळा सोर्स कोड फ्लॉप्यांत भरून घेऊन गेला. तीन महिन्यांत त्याच यार्डात निम्म्या किमतीला 'नवा' प्रोग्राम फिरू लागला. माझ्या 41 गाळ्यांपैकी 26 तिकडे गेले. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. चोरी झाली म्हटलं, तर लोक म्हणाले, पोटात दुखतंय. एका सकाळी अण्णांनी त्याची पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि एका शब्दावर बोट टेकवलं: 'हामाली'. हा जादा काना पहिल्याच दिवशी माझ्या हातून पडला होता. वकिलाने विचारलं, करार कुठाय? करार नव्हताच. या धंद्यात येणाऱ्या पोरांना म्हणून सांगतो, पहिला माणूस नेमाल त्याच दिवशी कागद करा आणि कोडची एक प्रत घरी ठेवा.

अण्णा हलले नाहीत. त्यांच्या शब्दावर आणखी काही गाळे थांबले. पुढे विंडोज आलं, युनिकोड आलं. ती वर्षं बरी गेली.

जुलै 2016 मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. मी मात्र ऑफिसातच मुक्काम ठोकला. आडतीची ओळ शेतकरी पट्टीतून उचलून खरेदीदाराच्या बिलात नेणं ऐकायला सोपं आहे. खातेवही, येणं, जमा-नावे सगळं हलतं. यार्ड उघडलं त्या पहाटे अण्णांच्या मुलाने पहिली पट्टी काढली, ती बरोबर निघाली. 'त्या' प्रोग्रामवाल्यांना आठवडाभर हाताने लिहावं लागलं. गेलेल्यांपैकी नऊ जणांचे फोन आले, नऊही जणांना घेतलं.

त्यांनी जुन्या पट्ट्या आणून दिल्या. काना तसाच होता. आम्ही तो 2001 सालीच काढला होता.