हातात कंगवा होता

कादंबरीचा दुसरा खर्डा सत्र संपायच्या आत द्यायचा, असं मी प्रकाशकांना कबूल केलं होतं. त्याच सत्रात माझ्याकडे पहिल्या वर्षाचा ६४ जणांचा वर्ग आला. आठवड्याला १६ तास, आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाचा एक निबंध. तो नियम माझाच. लिहून घेतल्याशिवाय कुणाला लिहायला शिकवता येत नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे. घरी दहा वर्षांची लेक, नवरा आणि ७८ वर्षांचे बाबा.

एका संध्याकाळी मी लेकीचे केस विंचरत होते. शाळेत मैत्रिणीशी झालेलं भांडण ती सांगत होती. कुणी कुणाची जागा धरून ठेवली नाही, मग कोण काय म्हणालं, असं बरंच काही. मी "हं" म्हणत होते, मध्येच "मग?" म्हणत होते, तेही बरोबर जागी. ती बोलायची थांबली आणि मान न वळवता म्हणाली, "आई, तू लिहितेयस."

माझ्या हातात कंगवा होता. पण तिचं खरं होतं. दुपारी नवव्या प्रकरणातला एक प्रसंग अर्धा टाकून मी वर्गावर गेले होते, वर्गावरून घरी आले होते, आणि तो प्रसंग अजून माझ्या डोक्यात चालू होता. मी चटकन म्हटलं, "नाही गं, ऐकतेय, सांग ना." ती म्हणाली, "काही नाही, झालं."

त्या रात्री ठरवलं की हे बदलायचं. कसं, ते मात्र कळायला बरेच आठवडे गेले.

पहिल्यांदा वाटलं, वेळच कमी पडतोय. मग वेळ आणायचा कुठून? पहाटेतून. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरी करायचा आणि कामावर जायच्या आधी, साडेपाचला टेबलाशी बसून लिहायचा. घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. मीही पाचचा गजर लावला आणि तीन आठवडे रेटून नेलं. शब्द झाले, पण दुपारच्या तासाला मुलांसमोर उभी असताना मला हातातली कविता दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी तर माझ्याशी कुणी बोलूच नये असं वाटायचं.

नंतर ट्रोलोपचं आत्मचरित्र पुन्हा काढून वाचलं. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये ते छापलं गेलं. पहिल्या वाचनात निसटलेल्या दोन गोष्टी त्यात होत्या. एक म्हणजे त्याला पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घरात एक वयस्कर नोकर होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत, आणि इतक्या वर्षांत त्याला एकदाही उशीर झाला नाही, हे ट्रोलोपने कृतज्ञतेने नोंदवलंय. म्हणजे त्या पहाटेच्या मागे आणखी एका माणसाची पहाट होती. दुसरी गोष्ट अशी की रोजचा पहिला अर्धा तास तो नवीन काही लिहीत नसे, आदल्या दिवशीचं वाचत असे. पंधरा मिनिटांचे २५० शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतात, माझ्याही राहिले होते. वाचायचा तो अर्धा तास मात्र मी मनातून गाळून टाकला होता.

त्याच सुमारास सोफी लरॉय या संशोधक बाईंचं २००९ मधलं काम वाचनात आलं. एक काम सोडून आपण दुसऱ्याकडे वळतो, तेव्हा लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच मागे राहतो. काम अर्धवट असेल, तर जास्तच. लेकीने तीन शब्दांत सांगितलेलंच हे होतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी असंही दाखवलं, की काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचं, एवढं मिनिटभरात लिहून ठेवलं तरी मन पुष्कळसं मोकळं होतं.

मी लगेच करून पाहिलं आणि काही फरक पडला नाही. माझी टिपणं अशी असायची: "प्र. ९ पुरं करणे. शेवट बघणे." हे टिपण कसलं, ही तर कामांची यादी. दुसऱ्या दिवशी वाचलं की मला त्या खोलीत परत जाता येत नव्हतं, फक्त जायचंय एवढं आठवायचं. हळूहळू टिपण बदलत गेलं. वहीतलं एक जसंच्या तसं देते:

"ती खिडकीपाशी. पत्र मुठीत, घडी घातलेली नाही. भावाने ते आधीच वाचलंय हे तिला कळलंय, त्याला मात्र वाटतं कळलेलं नाही. पुढचं वाक्य त्याचं, साधं, घरातल्या कुठल्यातरी वस्तूबद्दल. राग कुठेच नको. बाहेर उजेड कमी होतोय, दिवा अजून लावलेला नाही."

हे लिहायला तीन मिनिटं लागतात. त्यात प्रकरणाचं नाव नाही, किती पानं उरली ते नाही. कोण कुठे उभं आहे, कुणाला काय माहीत आहे आणि पुढचं वाक्य कुणाचं, एवढंच. असं टिपण लिहून वही मिटली की तो प्रसंग माझ्या मागे लागत नाही. दिवा लावायचा राहिलाय हे वहीला माहीत आहे, आता ते मला डोक्यात धरून ठेवायचं कारण नाही. वाक्य सुचत असतानाच थांबायचं, ही सवय मला जड गेली. दोन पानं झरझर येत असताना उठायचं म्हणजे जिवावर येतं. पण विहीर कोरडी करून उठलं की दुसऱ्या दिवशी टिपणात लिहायलाच काही उरत नाही.

मग शिकवण्याकडे वळले. इतकी वर्षं मी शिकवणं हे एकच काम समजत होते. आठवडाभर रोज दोन ओळी लिहून ठेवल्या, तेव्हा दिसलं की ती दोन अगदी वेगळी कामं आहेत. तास घेऊन आल्यावर मला चांगलं लिहिता येतं. ५० मिनिटं मोठ्याने बोललेलं असतं, एखादी ओळ चार वेळा वाचून दाखवलेली असते, कुणीतरी अडचणीत टाकणारा प्रश्न विचारलेला असतो. जीभ सुटलेली असते. निबंध तपासल्यावर मात्र लिहिणं जमतच नाही. वीस निबंध झाले की मुलांच्या वाक्यांची लय माझ्या कानात भरते, आणि प्रत्येक वाक्यात चूक शोधणारी नजर घेऊन मी माझ्या पानावर येते. ती नजर कच्च्या वाक्याला जगू देत नाही. म्हणून आता तासानंतरचा मोकळा पाऊण तास लिहिण्याचा, आणि तपासणी दिवसाच्या शेवटी. स्टाफरूममध्ये बसून मी कधीच लिहीत नाही. रिकामा वर्ग मिळाला तर तिथे बसते, शेवटच्या बाकावर.

तपासण्याची पद्धतही बदलली. एका निबंधाला मला १२ मिनिटं लागायची. ६४ निबंध म्हणजे १२ तास ४८ मिनिटं, तेही दर पंधरवड्याला. प्रत्येक चूक लाल करायची, समासात लांबलचक शेरे लिहायचे. आणि मुलं काय करायची? गुण बघून वही मिटायची. आता आधी पेन हातात न घेता आठ निबंध सलग वाचते. मग प्रत्येकावर दोनच गोष्टी लिहिते: कुठे वाचताना मी थांबून पुन्हा वाचलं, इतकं ते चांगलं होतं, आणि एक जागा, जी पुन्हा लिहून आणायची. शुद्धलेखनाच्या सगळ्यांच्या सारख्या चुका फळ्यावर एकदाच. सात मिनिटांत एक होतो. वाचलेल्या पाच तासांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की पुन्हा लिहून आणलेल्या परिच्छेदांत खरोखर फरक दिसू लागला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने आजोबांबद्दलचं एकच वाक्य तीनदा बदलून आणलं. तिसऱ्यांदा ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले आणि थोडा वेळ पुढचा निबंध उचलला नाही.

घरचं सगळ्यात अवघड होतं, कारण तिथे वेळापत्रक चालत नाही. एकदा नवरा म्हणाला, "तू घरात असतेस तेव्हा तुला काही विचारायला मी बिचकतो. दार बंद आहे की उघडं, तेच कळत नाही." तो दाराबद्दल बोलत नव्हता हे मला समजलं, पण आम्ही उपाय दारापासूनच सुरू केला. खोलीचं दार लावलेलं असेल तर मी घरात नाही असं समजायचं. उघडं असेल तर मला काहीही विचारायचं, आणि मी "एक मिनिट हं" म्हणायचं नाही. मंगळवार आणि शुक्रवारच्या संध्याकाळी वही उघडायचीच नाही. रविवारची सकाळ तो सांभाळतो, आणि शनिवारी सकाळी तो पोहायला जातो तेव्हा घर माझ्याकडे. त्याचं पोहणं तीन वर्षांपासून बंद पडलं होतं. का बंद पडलं, हे मी त्याला आधी कधी विचारलंच नव्हतं.

लिहून उठल्यावर माणसांत जायच्या आधी मी कपड्यांच्या घड्या घालते. दहा मिनिटं हात चालतात, डोळ्यांसमोर खरी वस्तू असते. मग लेकीजवळ जाऊन बसते.

घडी बसतेय असं वाटत असतानाच बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं करायला फिजिओथेरपिस्ट आल्या. या वयात पडून राहिलं तर छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून दुखत असलं तरी उठवतात. मी त्यांच्या काखेत हात घालून उभी होते. माझ्या बाबांचं वजन किती आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. नंतरचे दिवस वॉकर, औषधांच्या वेळा, रात्रीची जाग. रजा संपल्यावर तास घेत होते, निबंध मात्र थांबवले. वर्गाला कारण सांगितलं, आणि मुलांनी एकमेकांचे निबंध वाचून तीच दोन टिपणं लिहायला सुरुवात केली. प्रकाशकांकडच्या संपादकांना पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं की उशीर होईल. पूर्वी मी हा फोन मुदत उलटेपर्यंत टाळला असता.

२३ दिवस हस्तलिखित बंद होतं. चोविसाव्या दिवशी दुपारी बाबा झोपल्यावर वही उघडली, तेव्हा भीती वाटत होती. इतक्या दिवसांनी ती माणसं माझ्याशी बोलतील की नाही? शेवटचं टिपण वाचलं. "दोघं जिन्यावर. ती वर, तो चार पायऱ्या खाली. किल्ली तिच्याकडे आहे. तो मागणार नाही." मग ट्रोलोपसारखं आधीचं सगळं प्रकरण वाचून काढलं, त्यात अर्धा तास गेला. नंतर मी तिला एक पायरी खाली उतरवलं. त्या दुपारी १४० शब्द झाले, आणि बाबांनी हाक मारली तेव्हा मी पहिल्याच हाकेला उठले.

खर्डा १२ दिवस उशिरा गेला. आता संपादकांच्या शंका आल्यात, एकूण ४१. त्यांतल्या नऊ त्या जिन्याच्या प्रकरणावर आहेत आणि बहुतेक रास्त आहेत. बाबा वॉकर सोडून काठीवर आलेत. नव्या सत्राचा गठ्ठा टेबलावर आहे.

परवा शुक्रवारी लेकीचे केस विंचरताना मी तिला विचारलं, त्या भांडणाचं पुढे काय झालं? जागा धरून ठेवली नव्हती, ते. तिने जरा आठवून पाहिलं. "कुठलं गं?" म्हणाली. मी मैत्रिणीचं नाव सांगितलं, जागेचं सांगितलं. तिला आठवेना. मग तिने आजच्या तासाला काय झालं ते सांगायला घेतलं, आणि मी कंगवा खाली ठेवला.