तुम्ही विचारलंत म्हणून : गुडघ्याला कुठलं गार्ड घ्यावं?

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये मोटारसायकल लावून मी गुडघ्याच्या गार्डाचे पट्टे सोडायला लागलो, की कोणी ना कोणी शेजारी येऊन थांबतंच. नवी पोरं विचारतात, "काका, कितीला पडलं? मी कुठलं घेऊ?" माझ्या वयाचे लोक विचारतात, "एवढ्या उकाड्यात हे कशाला?" पाळीची वेळ झालेली असते, पंचिंग करायचं असतं, त्यामुळे उभ्याउभ्या काहीतरी उत्तर देऊन मी सटकतो. ते उत्तर आज नीट देतो.

किंमत आणि कंपनी हे प्रश्न सगळ्यांत शेवटी. आधी बघायचं ते हे, की तुम्ही गाडीवरून पडाल तेव्हा गार्ड गुडघ्यावर असेल का? दुकानात लोक कवचावर बोटांनी टकटक वाजवून बघतात, कलिंगड घ्यायला आल्यासारखे. वाजतं छान, पण धरून बसतं का ते त्या आवाजात कळत नाही. दोन बोटं बाजूला सरकलेलं उत्तम गार्ड आणि घरी विसरलेलं गार्ड यांत मला फारसा फरक दिसत नाही.

शहरात माणूस पडतो कसा, ते डोळ्यांपुढे आणा. वेग फार नसतो. पुढचं चाक निसटतं, गाडी कुशीवर जाते आणि माणूस हात नि गुडघा टेकत खाली येतो. गुडघ्याच्या वाटीवर मांस म्हणून नाहीच, कातडीखाली लगेच हाड. पहिला ठोका तिथे बसतो आणि मग थांबेपर्यंत तोच गुडघा डांबरावरून घासत जातो. ठोका आतला फोम झेलतो. घासणं झेलायला वर कडक कवच नाहीतर दणकट कापड लागतं, कारण साधी जीन्स डांबरापुढे काही टिकत नाही. आणि घासतानाच सैल गार्ड फिरून नडगीच्या बाजूला जातं.

निसटायला आपल्याकडे निमित्तं कमी नाहीत. टोमॅटोच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघालेले ट्रॅक्टर शेतातला चिखल चाकांनी रस्त्यावर आणतात. वर एक सर पडली की त्याचं लोणी होतं. पेठ रोडला सावळघाटात वळणाच्या आतल्या कडेला माती वाहून आलेली असते. शहरात 2027 च्या सिंहस्थाची कामं चाललीत, म्हणजे खोदलेला रस्ता, बुजवलेला चर आणि वर पसरलेली बारीक कच. कच ओल्या रस्त्यापेक्षा वाईट, ती दिसत नाही.

हेल्मेटचं आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. 2021 च्या 15 ऑगस्टपासून नाशकात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम होती, तेव्हा पंपावर एकमेकांचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरणारे महाभागही होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये डोक्याची सक्ती आहे, गुडघ्याचा उल्लेख नाही. हेल्मेटला आयएसआयचा शिक्का लागतो, गुडघ्याच्या गार्डाला तसा सक्तीचा शिक्का नाही. त्यामुळे रस्त्याकडेला टांगलेलं काळं प्लॅस्टिक आणि खरं तपासलेलं गार्ड एकाच नावाने विकलं जातं.

इथे माझा धंदा उपयोगी पडतो. मी क्वालिटीत आहे, दिवसभर तयार झालेले भाग मापाच्या गेजला लावून ओके नाहीतर रिजेक्ट करतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. बघायचं ते युरोपचं मानक, ईएन 1621-1. चाचणी समजायला सोपी आहे. पॅड ऐरणीवर ठेवायचं आणि वरून 5 किलोचं वजन सोडायचं, ठोका 50 जूलचा. हिशेब केलात तर साधारण एक मीटरवरून पडलेलं वजन. पॅडखाली किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल 1, 20 च्या आत असेल तर लेव्हल 2. 35 किलोन्यूटन म्हणजे क्षणभरासाठी साडेतीन टनांचा भार. तेव्हा लेव्हल 1 घातलं म्हणजे वाटी फुटणारच नाही, असं मनात आणू नका. दोन्हींतला फरक मोठा आहे आणि पॅड वेगळं विकत घेताना किमतीत तो तेवढा मोठा नसतो. म्हणून मी लेव्हल 2 च्या बाजूचा.

लेबल पॅडवरच असतं, खोक्यावर नाही. मोटारसायकलवाल्याचं छोटं चित्र, मानकाचा क्रमांक, लेव्हल, आणि इंग्रजी अक्षरं. के म्हणजे गुडघा, ई म्हणजे कोपर. रायडिंग पँटला गुडघ्याशी पॅडसाठी आतून खिसा असतो, त्यातून ई लिहिलेलं पॅड निघालं तर ते दुकानदाराला परत द्या. टाइप ए म्हणजे लहान जागा झाकणारं, बी म्हणजे मोठी. टी आणि अधिकचं चिन्ह असेल तर ते 40 अंशांवरही तपासलंय. ही चाचणी ऐच्छिक आहे, पण मे महिन्यात आपल्या द्वारका चौकातल्या सिग्नलला उभे राहणाऱ्यांनी हे चिन्ह शोधावं. मऊ पॅड, जी एरवी वाकतात आणि ठोक्याला घट्ट होतात, ती उन्हात आणखी मऊ पडतात. थंडीत उलट. डिसेंबरात पहाटे निफाडकडे निघालात तर तेच पॅड अंगाची ऊब लागेपर्यंत पुठ्ठ्यासारखं ताठ. नुसतं "सीई" हे युरोपचं चिन्ह छापलेलं आणि बाकी काहीच नाही, असा माल मी रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकतो.

आता मापाचं, जिथे बहुतेकांचं फसतं. दुकानात माणूस उभा राहून गार्ड घालतो. गाडीवर तो बसलेला असतो. गुडघा वाकला की पँट वर ओढली जाते आणि पॅड वाटीवरून वर मांडीकडे सरकतं. म्हणून उभं असताना गार्ड थोडं खाली, नडगीकडे झुकलेलं दिसलं तरी चालेल, बसल्यावर त्याचा खोलगट भाग बरोबर वाटीवर आला पाहिजे. स्वतःच्या गाडीवर बसूनच बघा, कारण बुलेटवर गुडघा जेवढा वाकतो त्यापेक्षा स्पोर्ट्स बाइकवर बराच जास्त वाकतो. मग पाय फूटपेगवर ठेवून गार्ड दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे पिळून पाहा. फिरलं तर पडताना नक्की फिरेल. रायडिंग पँट असेल तर आतला खिसा वरखाली करता येणारा बघा. अशा पँटमध्ये वेल्क्रोच्या दोन-तीन जागा असतात.

पट्टे किमान दोन हवेत. वरचा गुडघ्याच्या वर, खालचा पोटरीच्या फुगवट्याच्या वर. फुगवट्यावर आवळलात तर चालताना तो घसरून खाली येणारच, मग गार्डही त्याच्यामागे. गुडघ्यामागच्या वळीत पट्टा नको, नुसतं त्र्यंबकेश्वरपर्यंत गेलात तरी कातडी सोलवटते. बकल बाहेरच्या बाजूला असू द्या, आतल्या बाजूचं टाकीला घासतं. उघड्या पायावर घालू नका, आत पातळ लेगिंग घाला. घामाचा अर्धा त्रास तिथेच संपतो, उरलेला सोसायचा.

प्रकारांचं थोडक्यात. वरून बांधायचं कवचाचं गार्ड रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी सोयीचं, पोचल्यावर दोन मिनिटांत काढून डिकीत. घासण्यालाही तेच चांगलं. जीन्सच्या आत मोज्यासारखी चढवायची मऊ स्लीव्ह दिसत नाही, म्हणून कॉलेज रोडच्या पोरांना आवडते, पण वरची जीन्स फाटली की घासणं स्लीव्हच्या कापडावर येतं. सापुताऱ्याला वगैरे जाणार असाल तर सरळ रायडिंग पँट. आमच्या अकाउंट्समधल्या ताई स्कूटरवर सलवारखाली मऊ स्लीव्ह घालतात. कोणाला दिसत नाही आणि स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर गुडघा आपटण्याची भीती असतेच, त्यामुळे ही निवड मला एकदम पटलेली आहे. बिजागऱ्यांचे महागडे ब्रेस हा वेगळा विषय. गुडघा पिळवटला की आतले अस्थिबंध तुटतात. ते वाचवायला मातीतल्या शर्यतीवाले ब्रेस घालतात. साधं गार्ड पिळवटणं थांबवत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

धुताना पॅड आधी बाहेर काढा. मशिनमध्ये फक्त कापड. पॅड ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा, गच्चीवर उन्हात नको. वेल्क्रोत अडकलेले दोरे आणि गवत जुन्या ब्रशने काढत जा, नाहीतर पट्टा हळूहळू सुटायला लागतो. मोठा ठोका खाल्लेलं पॅड बदला, वरून धड दिसलं तरी. इलॅस्टिक सैल झालं की पट्टाच बदला, गाठ मारून काम चालवू नका.

शेवटी मागे बसणाऱ्यांचं, कारण हे कोणी विचारतच नाही. मागच्या माणसाचे गुडघे चालवणाऱ्यापेक्षा जास्त बाहेर येतात आणि धरायला त्याला हँडलही नसतं. माझी बायको रविवारी मागे असते तेव्हा तिलाही गार्ड असतं. तिच्यासाठी घ्यायला गेलो तर दुकानदार पँटची साइज विचारत होता. ती सांगू नका. गुडघा थोडा वाकवून वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर आणि चार बोटं खाली पोटरीचा घेर टेपने मोजा, आणि खोक्यावरच्या तक्त्यात तो आकडा शोधा. दोन मापांच्या मधोमध आलात तर लहान घ्या. नवं इलॅस्टिक महिन्याभरात सैल पडतंच.