लॅबचा हँडपीस घेताना आरपीएमच्या आधी कॉलेट बघा

दातांच्या लॅबसाठी नवीन मायक्रोमोटर (कंट्रोल बॉक्स आणि त्याला केबलने जोडलेला, हातात धरायचा मोटरवाला हँडपीस) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ३५,००० आरपीएमचा (मिनिटाला फेरे) घेऊ की ५०,००० चा. मला विचाराल तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. डेन्चर ट्रिम करताना किंवा क्रोम कोबाल्टच्या (धातूच्या) फ्रेमवर कार्बाइड बर (घासायचं फिरतं टोक) टेकवल्यावर मोटर दबते का, ते बघा. म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) बघा, तो न्यूटन सेंटीमीटरमध्ये दिलेला असतो. रिकामा फिरताना काय सगळेच जोरात फिरतात.

आणि घेण्याआधी हातात घेऊन चालवून बघाच. नवा, सरळ शँकचा (दांड्याचा) बर लावा (लॅबच्या बरचा शँक २.३५ मिमी असतो), कमी स्पीडला सुरू करा आणि फक्त टोकाकडे बघा. टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे, त्याच्याभोवती धूसर रिंग दिसली तर कॉलेट (बर पकडून ठेवणारा चिमटा) नाहीतर पुढचं बेअरिंग आऊट आहे असं समजा. मग बंद करून बर आडवा हलवून बघा, प्ले (ढिलेपणा) लागता कामा नये, ओढून बघा, सरकता कामा नये. हे बघायला दोन मिनिटं पुरतात पण बहुतेक जण बघतच नाहीत, आणि मग सिरॅमिकवर काम करताना हात थरथरतो, मार्जिन (क्राऊनची कड) चिपतं आणि दोष टेक्निशियनच्या हाताला.

ब्रशवाला की ब्रशलेस? दिवसभर मेटल किंवा अ‍ॅक्रिलिकचं काम असेल तर ब्रशलेस घ्या, आवाज आणि गरम होणं दोन्ही कमी, शिवाय मोटरमधले कार्बन ब्रश झिजण्याची भानगड नाही. पण त्याचा कंट्रोल बॉक्स आणि हँडपीस जोडीचेच लागतात, दुसऱ्या कंपनीचा लावून सहसा चालत नाही, म्हणून कॉलेट, बेअरिंग, केबल सुटे मिळतात का ते आधी विचारा. स्पेअर मिळत नसेल तर कितीही भारी हँडपीस असो, मी घ्या म्हणणार नाही.

आता दुरुस्ती. हँडपीस मरतो तो बहुतेक वेळा धुळीने. प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक, झिर्कोनियाची पावडर हँडपीसच्या नाकातून (बर लावतो त्या टोकातून) आत जाते, पुढच्या बेअरिंगमधलं ग्रीस खाते आणि मग तो खरखर आवाज सुरू होतो. त्यावर लोक तेल सोडतात! क्लिनिकच्या टर्बाइनला (हवेवर फिरणाऱ्या हँडपीसला) तेल लागतं, लॅबच्या मायक्रोमोटरमध्ये बहुतेक सीलबंद बेअरिंग असतं, तेलाने आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि धूळ आणखी चिकटते. नाकावर कॉम्प्रेसरची हवा मारणंही तसंच, धूळ आत ढकलली जाते. कॉलेट काढा, ब्रशने साफ करा, आणि काम नसताना कॉलेटमध्ये बर किंवा मँड्रेल (डिस्क लावायची दांडी) लावून ठेवा. सक्शन तर लावाच, हँडपीससाठी नाही तर तुमच्या फुप्फुसांसाठी, इन्व्हेस्टमेंटच्या (ओतकामाच्या साच्याच्या पावडरीच्या) धुळीत सिलिका असते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते, कितीदाही सांगेन.

मधेच बंद पडतो? उघडायच्या आधी केबल हँडपीसजवळ वाकवून बघा. चालू-बंद झाला तर वायर आत तुटलीय, मोटर ठीक आहे. दुसरा त्याच जोडीचा हँडपीस लावून बघितलं की बॉक्सचा दोष की हँडपीसचा तेही लगेच कळतं. ब्रशवाल्यात ठिणग्या वाढल्या किंवा जोर कमी झाला तर कार्बन बघा, आणि बदलताना दोन्ही एकदम बदला.

बेअरिंग स्वतः बदलणार असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर द्यायचा, बॉडीत बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलं तर सगळा जोर आतल्या गोळ्यांवर येतो, खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच आवाज करतं, मग लोक म्हणतात माल खराब निघाला. हातोडी तर अजिबात नको. बसवल्यावर लगेच फुल स्पीड देऊ नका, काही मिनिटं कमी स्पीडला चालू द्या आणि नाकाजवळ बोट लावून बघा, कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर परत उघडा.