यवतेश्वरचा घाट बिनतक्रार चढणारी गाडी राजवाड्यापाशी का थरथरत होती

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या पेट्रोल गाडीने एक खोड धरली. सकाळी सुरू केल्यावर ती नीट चाले. परंतु साताऱ्यातल्या शाहूपुरीतून निघून राजवाड्याच्या गर्दीत पोहोचेपर्यंत इंजिन गरम झालेले असे, आणि तिथे गाडी थांबवली की स्टिअरिंगपासून आसनापर्यंत सगळे थरथरू लागे. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ७५० च्या आसपास स्थिर राहायला हवा, तो ६०० आणि ८५० यांच्यामध्ये खालीवर होत असे. जरा रेस दिली की थरथर नाहीशी होई.

इंजिनातला बारीकसा दोषही आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असतानाच, का जाणवतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेट घेतो. म्हणजे ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १६०० वेळा जोर लावतात. या वेगाला फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकात, साठलेला जोर फारच थोडा असतो, त्यामुळे एखादा सिलिंडर चुकला तर तो धक्का थेट अंगाला कळतो. तोच सिलिंडर दर वेळी मिस मारत असेल तर थरथरीला ठेका असतो, जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा. आमच्या गाडीच्या थरथरीला ठेका नव्हता. हा फरक मी कितीतरी दिवस ऐकत होतो, पण दोष एका सिलिंडरचा नाही, हा त्याचा अर्थ मला लावता आला नव्हता.

पहिल्या गॅरेजमध्ये चारही स्पार्क प्लग आणि प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी एक इग्निशन कॉइल बदलण्यात आली, थ्रॉटल बॉडीतला (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागातला) कार्बन साफ करण्यात आला आणि बॅटरीची तार काढून पुन्हा जोडण्यात आली. जुने प्लग मी मागून घेतले होते. त्यांची टोके फिकट, जवळजवळ पांढरी होती. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी असते; काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे आणि पांढरेपणा असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असे ढोबळमानाने समजावे. चारही प्लग सारखेच पांढरे असणे हा मोठा पुरावा होता, कारण एका कॉइलच्या दोषाने चारही टोकांचा रंग बदलत नाही. बॅटरी काढल्यामुळे त्याहून मोठे नुकसान झाले. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकात, नोंदलेला दोषाचा कोड आणि तो नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान वगैरे आकडे त्यासरशी पुसले गेले. स्कॅनर लावण्याआधी बॅटरीला हात लावू देऊ नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आठवडाभरात थरथर पुन्हा पूर्वीसारखी सुरू झाली. तेव्हा मी गोडोलीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी विचारले, “साहेब, यवतेश्वरच्या घाटात कशी ओढतीय?” मी म्हणालो, “काका, घाटात काही तक्रार नाही. चौघे बसून कासला जाऊन आलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर अगदी व्यवस्थित चढली.” त्यावर ते म्हणाले, “मग कॉइल कशाला बदलली? कॉइल मरायला लागली की आधी घाटात रडती.”

या एका प्रश्नात निदानाचा निम्मा भाग आला होता. चढावर थ्रॉटल उघडे असते, सिलिंडरमध्ये हवा भरपूर भरते आणि दाब वाढतो. दाबाखालच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग बहुधा तिथेच उघडा पडतो. पेट्रोलचा पंप कमजोर असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तरी घाटातच ओढ कमी होते. याउलट आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. साताऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९३ किलोपास्कल असतो, तर त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, तो ३० ते ४० पर्यंत उतरलेला असतो. एवढ्या ओढीमुळे कुठल्याही फटीतून हवा आत शिरते, आणि इंजिनाला त्या वेळी सेकंदाला दोन-अडीच ग्रॅमच हवा लागत असल्याने ती चोरटी हवा मिश्रण पुरते बिघडवते. घाटात मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते, हवेची गरज अनेक पटींनी वाढते आणि त्याच फटीचा काही परिणाम उरत नाही. सकाळी इंजिन थंड असताना ईसीयू मुद्दाम पेट्रोल जास्त देतो आणि आरपीएमही वर ठेवतो, म्हणून तेव्हाही दोष झाकला जात होता.

काकांच्या मुलाने स्कॅनर लावला. कोड पी-०१७१ होता. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. परंतु कोडवरून जागा कळत नाही, म्हणून त्याने फ्युएल ट्रिम पाहिले. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, तो हा आकडा. दीर्घ आणि अल्प मुदतीच्या ट्रिमची बेरीज आयडलिंगला अधिक २१ टक्के होती. २५०० आरपीएमला ती अधिक ४ वर आली. वेग वाढल्यावर आकडा उतरला तर हवेची गळती, आणि तसाच राहिला किंवा वाढला तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर, अशी ही कसोटी आहे. मात्र आमच्या गाडीत आत येणाऱ्या हवेचे वजन मोजणारा सेन्सर आहे, म्हणून ती इतकी स्वच्छ लागू पडली. ज्या गाड्यांत केवळ मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवले जाते, तिथे फटीतून आलेली हवाही दाबात मोजली जाते. ट्रिम फारसे हलत नाही आणि उलट आयडलिंगचा वेगच चढा राहतो. हे ठाऊक नसेल तर योग्य आकड्यांवरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

फट शोधायला अनेक ठिकाणी गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. तो पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून मला ती पद्धत मुळीच पसंत नाही. काकांनीही ती वापरली नाही. त्यांनी पकडीच्या तोंडाला फडके गुंडाळले आणि मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाइप एकेक करून क्षणभर दाबून पाहिले. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, फरक पडला नाही. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कोठीतली, वाफ इनटेककडे नेणारा पीसीव्हीचा पाइप मॅनिफोल्डच्या अगदी तोंडाशी दाबला, आणि काटा ७५० वर येऊन थांबला.

पाइप काढून उलटा केला तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला, वरून कधीच दिसली नसती अशा जागी, बोटाच्या पेराएवढी चीर होती. तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने रबर कडक झाले होते. नवा पाइप दोनशे ऐंशी रुपयांना मिळाला. सैल पडलेला क्लॅम्पही सोबत बदलला. आयडलिंगचा ट्रिम त्याच दुपारी अधिक ६ वर आला, आणि कास, मेढा अशा फेऱ्या करून तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा तो अधिक २ होता. परवा राजवाड्यापाशी पाऊण मिनिट थांबलो होतो. काटा हलला नाही.