बीकेसीतली मुलाखत : उत्तरं नको, कागद पाठ करा

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली आणि व्हिसा मंजूर झाला! झोप झालेली नाही, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहिते. लग्नाच्या आधारावर अमेरिकेला निघालेल्यांनो, मुलाखतीच्या 'क्लास'ला एक रुपया देऊ नका. दादरच्या एका सल्लागाराने माझ्याकडून नवऱ्याच्या टूथब्रशच्या रंगापर्यंतची उत्तरं घोकून घेतली आणि १५ हजार उकळले. शुद्ध लूट.

खिडकीपाशी हात वर करून शपथ झाली, मग व्हिसा अधिकाऱ्यांचे साधेच प्रश्न : ओळख कशी झाली, नवरा शेवटचा भारतात कधी आला, नोकरी काय करतो. लग्नाच्या फोटोंतला अंतरपाट धरलेला एक त्यांनी नीट पाहिला, बाकीचे भराभर उलटले.

खरी घासाघीस नावावर. जन्मदाखल्यावर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. आपल्याकडे घरोघरी हेच असतं, आणि त्या सल्लागाराने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता! डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात आधी वापरलेली नावं विचारतात, तिथे माहेरचं पूर्ण नाव घालाच. विवाह नोंदणीचा दाखला, जन्मदाखला, पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा पोलीस दाखला), सगळं ओरिजिनल न्या. आधी अपलोड केलंय म्हणून घरी ठेवू नका. कागद कमी पडला की २२१(जी)ची, म्हणजे तूर्त व्हिसा नाकारल्याची चिठ्ठी हातात येते आणि केस लटकते.

आय-८६४ वर (बायकोचा खर्च उचलण्याची हमी देणाऱ्या फॉर्मवर) नवऱ्याची सही आणि सोबत टॅक्सचे कागद हवेत. उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली असेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तीच हमी देणारा आणखी कुणीतरी, आत्ताच शोधा. मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. ते सुरळीत झालं.

मोबाइल आत नेता येत नाही. बाहेर एकाने फोन सांभाळायचे ५०० मागितले! फोन घरीच ठेवा. दादरहून मेट्रो ३ ने थेट बीकेसीला उतरा, सुट्टे पैसे देऊन कागदी तिकीट काढा. बांद्रा स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांशी सकाळी सकाळी हुज्जत घालायची ताकद त्या दिवशी नसते.

लग्नाला २ वर्षं होण्याआधी तिकडे उतरलात तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (कार्डावरची ही अट काढून घेण्याचा अर्ज) भरायचा. आणि २३५ डॉलरची इमिग्रंट फी विमानात बसण्याआधीच ऑनलाइन भरा, त्याशिवाय कार्ड छापतच नाहीत.