बकरी दाखवणाऱ्याच्या मनात काय आहे?

जुगाराच्या कोड्यांतली माणसं भलतीच सज्जन असतात. फासा घासलेला नसतो, नाणं कधी काठावर उभं राहत नाही, हरलेला गडी मुकाट्याने पैसे मोजतो. शकुनीला या दुनियेत कुणी दारातही उभं करणार नाही. कोड्यात हे कुठे लिहिलेलं नसतं, आपणच गृहीत धरायचं असतं. मला तर खरी गंमत या न लिहिलेल्या मजकुरातच वाटते.

तीन दारांचं ते प्रसिद्ध कोडंच घ्या. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही पहिलं दार निवडता. सूत्रसंचालक तिसरं उघडतो, आत बकरी! मग विचारतो, "बदलायचंय का दार?" १९९० साली 'परेड' या अमेरिकी साप्ताहिकातल्या आपल्या सदरात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी सांगितलं, बदला, मोटार मिळण्याची शक्यता दोन-तृतीयांश होईल. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली. बहुतेकांनी बाईंनाच चूक ठरवलं होतं, आणि त्यांत डॉक्टरेटवालेही कमी नव्हते.

बाईंचं उत्तर बरोबरच होतं. अट एवढीच की मोटार कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक हवं, आणि तुम्ही काहीही निवडलंत तरी त्याने बकरीचं दार उघडून संधी द्यायलाच हवी. छापलेल्या प्रश्नात यातली पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

आता समजा, त्याला काहीच ठाऊक नाही. उरलेल्या दोहोंतलं एक दार सहज उघडलं आणि योगायोगाने बकरी निघाली. मग दार बदला की न बदला, शक्यता निम्मी-निम्मी. किंवा समजा, तो खट आहे. तुम्ही मोटारीवर बोट ठेवलंत तरच दुसरं दार उघडतो, नाहीतर तुमचंच दार उघडून बकरी गळ्यात मारतो. मग बदलणारा हमखास बुडाला. तुम्हाला मात्र तिन्ही वेळा दिसतं ते तेच: उघडं दार, बकरी आणि एक हसरा माणूस.

अमेरिकी टीव्हीवर असाच दारांचा खेळ चालवणारे, ज्यांच्या नावाने हे कोडं ओळखलं जातं त्या मॉन्टी हॉल यांनी १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदाराला घरीच हा खेळ खेळून दाखवला. त्याने चुकीचं दार निवडलं की हे तेच उघडून मोकळे! दर वेळी संधी द्यायलाच हवी असा नियम आहे कुठे, हा त्यांचा मुद्दा. गणित न मांडता त्यांनी दुखरी नस नेमकी पकडली होती.

पैशाच्या बाबतीतही तेच. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये चर्चिलेला सेंट पीटर्सबर्गचा खेळ असा: छापा येईपर्यंत नाणं उडवायचं. पहिल्याच फेकीत आला तर दोन नाणी, दुसऱ्या फेकीत चार, तिसऱ्या फेकीत आठ. कागदावर सरासरी प्राप्ती अनंत येते. पण समोरच्याच्या पेटीत १०,४८,५७६ च नाणी असतील आणि तुम्ही कितीही जिंकलात तरी तेवढीच देऊन तो हात वर करणार असेल, तर सरासरी भरते फक्त २१. कोडं घालणाऱ्याने पेटी केवढी आहे तेवढंच सांगितलेलं नसतं.